दीपा एकटीच वर येते

बालाघाट, ८ जुलै २००३

चि. अनुरागला माणिकमावशीचे अनेक आशीर्वाद.

तू बनवलेल्या खेळाची सीडी पोचली. शेजारच्या वैदेहीने तिच्या कॉम्प्युटरवर लावून मला जवळ बसवलं. चित्रं सुरेख आहेत रे. तुझ्या त्या बारा वर्षांच्या दीपाच्या कपाळावरची बट पाहून हसू आलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तिला पट्टीच मारली असती. भुयारातले सांगाडे, रक्त पिणारी दारं, सगळं निभावलं.

पण खाली पाचव्या मजल्यावर धाकटी बहीण खड्ड्यात पडते आणि दीपा कंदील घेऊन पळते. वर येऊन सांगते, धाकटी एकटीच गेली होती. वैदेही म्हणाली, ये तो बड़ी चालू लड़की है. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

तिरोडीच्या बंद खाणीची ही गोष्ट मी जन्मात फक्त तुला सांगितली. तू माझ्या गळ्याची शपथ घेतली होतीस. खड्ड्यात पडलेली तुझी आई, कमला, अजून समजते की मी धावत जाऊन महागूला तिच्याकडे धाडलं. तो खाणमजूर तर तिचं रडणं ऐकून आपणहून उतरला होता. मी घरी येऊन गुपचूप जेवले होते.

नाव बदललंस, शब्द माझेच ठेवलेस. आता एवढंच कर, कमलाला हा खेळ दाखवू नकोस.

तुझी मावशी


पुणे, १६ जुलै २००३

ती. मावशीस सा. न.

पत्र उशिरा मिळालं. त्याआधीच मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन राजेगावला गेलतो. आईने पूर्ण खेळ पाहिला. कुठून सुचलं, विचारलं. मी खूप फेकाफेक केली, पण तिने फक्त तुझं नाव घेतलं आणि माझी मान खाली गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मावशी, राक्षस सगळेच बनवतात. बहिणीला सोडून येणारी हीरोइन कोणाकडेच नव्हती. साहेबांना तीच जागा आवडली. म्हणशील तर पुढच्या आवृत्तीत दीपा परत जाते असं करून देतो. माफ कर.

तुझा अपराधी, अनुराग


राजेगाव, २४ जुलै २००३

ती. माणिकताईले कमलाचा नमस्कार.

अक्षर चौथीचंच आहे, समजून घे.

तू मले सोडून पळाली, याचा राग नाही. लहान होती, भेली असशील. पण बाबा काठी घेऊन विचारून राह्यले होते, संगं कोण होतं. तुले मार पडू नये म्हणून मी म्हटलं, कोणीच नाही. मले काय माहीत, तू त्याच्या आधीच, कमला एकटीच गेली, असं सांगून बसली होती!

ही पोरगी हाताबाहेर गेली म्हणून बाबांनी माझी शाळा सोडवली. तू कॉन्व्हेंटले गेली तवा टेशनावर मी तुझ्या पेटीवर बसून रडली. काहून रडतेस, तुझीच चूक आहे, असं तू मले म्हटलं. मी ते खरं मानलं, ताई. आजवर खरं मानलं.

तू बालाघाटात, मी इथं. एका बसचा रस्ता. तरी तू पोराले सांगितलं, मले नाही.

यंदा पोळ्याले येऊ नको. मी बोलावीन तवा ये. लोभ मनात आहे, पण सध्या तो तुले देववत नाही.

कमला