अनघाने न भरलेली कॅप्सूल

रविवार, संध्याकाळ. के. आर. पुरम, बंगळूर

आमची सून अनघा दर रविवारी माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरते. आज म्हणाली, "बाबा, ती प्रोस्टेटची कॅप्सूल आता तुम्हीच भरा हं. बाकीच्या मी भरल्यात." कंटाळली का माझ्या दुखण्याला? दुपारभर तेच डोक्यात.

आत्ता इथल्या शिवाजीनगरच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं. ही कॅप्सूल पुरुषी हार्मोन तीव्र करणारं एन्झाइम अडवते. गरोदर बाईने तिला हातही लावायचा नाही, पोटातल्या मुलाला अपाय होऊ शकतो. तेव्हा मी हसलो होतो, आमच्याकडे कोण आहे गरोदर!

म्हणजे?

विचारणार नाही. तिला वाटेल तेव्हा सांगेल. कॅप्सूल माझ्या कपाटात वर ठेवल्या, साबणाने दोनदा हात धुतले आणि अनघासाठी आल्याचा चहा केला.

"बाबा, आज काय विशेष?"

"कुठे काय," म्हटलं.