काढ्याच्या नावावर खपवलेल्या गोळ्या

अहो,

'प्रिय' लिहायला बसले होते, पण आज हात वळेना. नुसतं 'अहो'च राहू दे.

काल संतोष भावजी आपल्या घरून न जेवता गेले. तुमचा सख्खा धाकटा भाऊ! मी ताट वाढून उभी, आणि ते चपला घालून चालते झाले. का? तर मी तुमच्याबद्दल खरं बोलले म्हणून. तुम्ही असता तर मी तुम्हालाच समोर बसवून जाब विचारला असता. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, म्हणून हे पत्र.

तुमचं बीपी पहिल्यांदा वाढलेलं निघालं, तेव्हा डांगे चौकातल्या डॉक्टरांनी काय बजावलं होतं, आठवतं? "गोळी रोज. काढा घ्यायचा असेल तर मला विचारून घ्या, पण गोळी सोडायची नाही." तिथे तुम्ही शहाण्यासारखी मान डोलावलीत. आणि आठवडा होतोय न होतोय तोच अर्जुनाच्या सालीची पुडी आणून माझ्या ओट्यावर ठेवलीत. "सुनंदा, गोळ्या एकदा मागं लागल्या की जन्माच्या. वर्षभर हे करून बघू. कंपनीच्या मेडिकलला बीपी वाढलं तर मुकाट्यानं गोळ्या चालू करतो. तुझी शप्पथ."

शपथही माझीच घातलीत! मग मी काय बोलणार?

तुमची फर्स्ट शिफ्ट असली की चाकणची बस यायच्या आधी मी काढा उकळायला ठेवायचे. पाणी निम्मं होईपर्यंत हलवत उभी राहायचे. एकदा चाखून बघितला होता, इतका तुरट की जीभ आखडली. तुम्ही मात्र तोंड वाकडं करत शेवटच्या घोटापर्यंत प्यायचात. मला वाटायचं, केवढा निग्रह आहे या माणसाचा!

आणि मेडिकलचा दिवस! सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. संध्याकाळी तुम्ही गेटातूनच ओरडायचात, "नॉर्मल!" हातात भेळेचा पुडा. "तुझ्या काढ्यानं कमाल केली गं!" किती फुगायचे मी! माहेरी फोन करून सांगायचे, शेजारणींना साल कुठे मिळते ते सांगायचे. दरवर्षी हेच. मशीन कशाला खोटं बोलेल, असं म्हणायचे मी. मशीन खरंच बोलत होतं. खोटं तुम्ही बोलत होतात.

तुमच्या छातीत कळ आली त्या दिवशी दवाखान्यातली ती तरुण डॉक्टरीण मला म्हणाली, "यांचं बीपी बरीच वर्षं वाढलेलं असणार. हृदय जाड झालंय. गोळ्या चालू नव्हत्या का?" मी तिच्या अंगावरच गेले. "दरवर्षी मेडिकल होतं त्यांचं, नॉर्मल येतं! तुम्हाला काय कळतंय?" तुम्ही शेजारच्या खाटेवर शुद्धीत होतात. सगळं ऐकत होतात. तोंडाला मास्क होता, कबूल. पण तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान तिकडे फिरवलीत. मला वाटलं, फार दुखतंय तुम्हाला.

दशक्रियेला घाटावर तुमच्या कंपनीच्या शॉपमधल्या एकाने माईक हातात घेतला आणि सांगितलं, "विलासरावांनी गोळीला हात लावला न्हाई. काढ्यावर बीपी ताब्यात ठिवलं. पर काळापुढं कुणाचं चालतंय?" लोकांनी माना डोलावल्या. मीही पदर डोळ्याला लावून ऐकलं. संतोष भावजींच्या डोक्यात तेच पक्कं बसलं असणार.

मग गेल्या आठवड्यात कदम भाऊ आले. तुमच्या बरोबरीने क्रेन चालवणारे. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "मेडिकल आलंय वहिनी. आता पंधरा दिस गोळ्या गिळायला पायजेत."

"पंधराच दिवस?"

"मग! विलासरावांचीच आयडिया हाय ती. मेडिकलच्या आदी पंधरा दिस गोळ्या, मेडिकल झालं की बंद. न्हाईतर क्रेनवरनं खाली उतरवत्यात. तुमाला म्हायती न्हवतं व्हय?"

"होतं की," म्हणाले मी. तिथेही तुमचीच लाज राखली. ते गेल्यावर मात्र ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने रडले. तुम्ही गेलात तेव्हा रडले त्यापेक्षा हे रडणं वेगळं होतं. मला मूर्ख बनवलंत हो तुम्ही! त्या काढ्यावर माझा राग नाही. झाडाच्या सालीने काय कुणाचं वाकडं केलंय? तुम्ही गोळ्या लपून खाल्ल्यात, त्याचं कौतुक काढ्याला दिलंत आणि दरवेळी उरलेलं वर्ष गोळीविना काढलंत.

क्रेनवरून उतरवलं असतं तर उतरवलं असतं! त्या उंच केबिनची तुम्हाला हौस होती, मला माहीत आहे. खाली काम करणारी माणसं काय माणसं नसतात? मला एकदा तरी म्हणायचं होतंत, "सुनंदा, मला भीती वाटते." मी हसले असते का तुम्हाला?

काल भावजी आले ते सालीची पुडी घेऊनच. "वहिनी, दादाला करायचा तसा काढा मलाबी करून द्या. बीपीच्या गोळ्या सोडल्यात मी, महिना झाला." मी पुडी बाजूला ठेवली आणि सांगितलं सगळं. हवं तर कदम भाऊंना विचारा, असंही मी म्हणाले. भावजी लालबुंद झाले. "मेल्या माणसावर आळ घेताय? माझा दादा तसा न्हवता!" कदम भाऊंना मी फोन लावला, तर ते म्हणाले, "मला यात वढू नका वहिनी, आमचं सगळ्यांचंच मेडिकल अडकंल." भावजी माझा फोन उचलत नाहीत. गोळ्या अजून बंदच आहेत, असं जाऊबाई सांगते.

रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. शॉपमधली सगळी येणार, भावजीही येणारच. पुन्हा भाषणं होतील, पुन्हा काढ्याचे गोडवे गायले जातील. आपल्यात बायका तिथे माईक घेत नाहीत. मी घेणार आहे. सगळ्यांसमोर सांगणार आहे, माझा नवरा खोटं बोलला आणि त्यात गेला. लोक म्हणतील, नवऱ्याची अब्रू घालवली. म्हणू देत. तुमची अब्रू आणि तुमच्या भावाचा जीव, दोन्ही मला राखता येणार नाहीत. भावजींनी गोळी पाण्यासोबत माझ्यासमोर गिळेपर्यंत मी माईक खाली ठेवणार नाही. हा माझा शब्द, आणि मी माझा शब्द पाळते.

तुमचीच, काय करणार,
सुनंदा