जूनपासूनची वही

तीर्थरूप बिभीषणमामांना अर्पिताचा वाकून नमस्कार. (कोपरापासूनचा नमस्कार पत्राच्या ओघात येईलच.) मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर? गुळाचा चहा शुगरमध्ये धरत नाहीत हा तुमचा शोध डॉक्टरांना कळवलात का? अणदूरला फोन लावायचा सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "आधी माझं ऐक" म्हणता आणि मग माझं ऐकायचं राहूनच जातं.

तुमच्या आशीर्वादानं सहा जानेवारीला शाळेत रुजू झाले. तामलवाडीला एसटीतून उतरायचं, जी मोटारसायकल थांबेल तिच्यावर बसायचं आणि हाडं मोजत शाळेत पोचायचं. तिसरी-चौथी मिळून तेवीस पोरं माझ्या वाट्याला आली. त्यांना जूनपासून शिक्षकच नव्हता. सात महिने ती व्हरांड्यात बसून पहिली-दुसरीच्या कविता ऐकत होती, त्यामुळं चौथीच्या पोरांना पहिलीचं पुस्तक तोंडपाठ आहे आणि चौथीचं अजून कोरं करकरीत. मी म्हटलं, हरकत नाही, भागाकारापासून सुरू करू. तर मुख्याध्यापक श्रीमंत सरांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला (खरंच काढून घेतला) आणि म्हणाले, "शिकवायचं बघता यील मॅडम, ते कुठं पळून चाललंय? आधी टाचण काढा."

टाचण म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार! रोज काय शिकवलं ते रोज लिहायची वही, जी लिहिण्यात शिकवायचा वेळ निघून जातो. मला वाटलं, जानेवारीपासूनचं मागताहेत. तर नाही, जूनपासूनचं! पुढच्या शुक्रवारी तपासणी होती. मी म्हटलं, सर, जूनमध्ये मी अभ्यासिकेत बसून भरतीची वाट बघत होते. इथं मी काय शिकवलं ते मला कसं कळणार? सर शांतपणे म्हणाले, "जागा रिकामी चालतीय मॅडम. वही रिकामी चालत न्हाय."

तेव्हा मला तुमची वही आठवली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी पेटीतून काढून, हळदीकुंकू लावून तुम्ही माझ्या हातात दिलीत ती. "आमी बी भूकंपानंतर, दिवाळी झाल्यावर, सास्तूरकडं असंच मधीच रुजू झालतो. ही पहिल्या वर्षाची वही. समोर ठेव, कधी अडायची न्हाईस," असं म्हणाला होतात. मी समोर ठेवली, आणि तिथंच चुकलं. चार दिवस आमच्या वर्गात आम्ही चोवीस जण मुकाट्यानं उतरवून काढत होतो. पोरं फळ्यावरचं, मी तुमचं. साल आणि वार तेवढे बदलले, बाकी अर्थाकडं बघायला सवड नव्हती. पोरांचं अक्षर सुधारलं, माझं बिघडलं.

आता आमच्या तालुक्यात टाचण वाचलेला अधिकारी आजवर कुणी पाहिलेला नाही. येतात, चहा घेतात, सही करतात, जातात. पण शुक्रवारी आलेले साहेब नवे होते. (माझ्यासारखेच मधेच रुजू झालेले. काय करायचं नसतं ते कळायला नव्या माणसाला वेळ लागतोच.) त्यांनी वही उघडली आणि चक्क मोठ्यानं वाचायला लागले. "जुलै. आज वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये. पावसाच्या आवाजाने काही ऐकू येईना, म्हणून चित्रे काढून घेतली." साहेबांनी वर बघितलं. वर स्लॅब. पान उलटलं. "मुले भिंतीजवळ बसत नाहीत. मध्ये गोल करून बसविले. बब्रुवान आजही बोलला नाही. त्याला आग्रह करू नये." साहेबांनी वर्गाला विचारलं, यातला बब्रुवान कोण? आमच्या वर्गात मल्हार आहे, रणधीर आहे, आरोही आहे. बब्रुवान कुठून आणू? तेवढ्यात चौथीतली समृद्धी उठली. "माझं आजोबा हायत सर. रानात गेल्यात. बोलवू का?"

तरीही निभावलं असतं. पण साहेबांनी तिलाच विचारलं, की मुलं भिंतीजवळ का बसत नाहीत? आणि त्या कार्टीनं खरं सांगितलं. "तिथं पोपडं पडत्यात सर. डोस्क्यावर." साहेब उठले. 'सुंदर माझा वर्ग' असं लिहिलेला तक्ता बाजूला केला, तर मागं ही एवढी भेग. त्यांचं पेन टोपणापर्यंत आत गेलं. ती भिंत दोन वर्षांपूर्वीच कागदोपत्री दुरुस्त झालेली आहे. श्रीमंत सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू ती भेग मीच रोज थोडी थोडी पाडत आलेय.

आता पोरं लिंबाखाली बसतात, श्रीमंत सर माझ्याशी फक्त हजेरीपटापुरतं बोलतात, आणि मला लेखी खुलासा मागितलाय. टाचण खरं असेल, तर भिंत धोक्याची आहे हे जुलैपासून माहीत असून कळवलं का नाही? आणि खोटं असेल, तर लिहिलं का? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मी अजून शिक्षण सेवक. एक वाईट शेरा पडला तर घरी. आईनं सगळ्या गल्लीत पेढे वाटलेत. मला भीती वाटतेय मामा, खरंच वाटतेय. तेवीस पोरांना सात महिने शिक्षक का नव्हता, याचा खुलासा मात्र कुणी कुणाला मागितलेला नाही.

बाकी सगळं छान. लिंबाखाली टेबल नाही, त्यामुळं टाचण लिहिता येत नाही, त्यामुळं नाइलाजानं शिकवावं लागतं. तीन दिवसांत समृद्धीला भागाकार यायला लागला. ही गोष्ट कुठल्याही वहीत लिहिलेली नाही, म्हणून तुम्हाला कळवून ठेवते. मामींना नमस्कार. आणि तुमच्या त्या वहीला कोपरापासून.

तुमची भाची (आणि सोमवारपर्यंत शिक्षिका),
अर्पिता

ता. क. वही परत पाठवावी म्हणून कापडात बांधायला घेतली आणि पहिलं पान नीट वाचलं. पहिली नोंद १४ जून १९९३. मामा, भूकंप झाला ३० सप्टेंबरला. तुम्ही रुजू झालात दिवाळीनंतर. मग जुलैत तुमचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये कसा भरला? आणि मुलं तेव्हापासूनच भिंतीला कशी भ्यायला लागली?

ता. क. दुसरा. रागावले नाही. बब्रुवानला आग्रह करू नये, ही ओळ तुम्ही कुणाच्या वहीतून उतरवलेली नाही, एवढं मला कळतं. तो पुढं बोलला का, तेही कळवा. पण तुमचीही वही कुणीतरी एकदा वाचली असणार, आणि खुलासा मागितला असणार. तरीसुद्धा तुम्ही तीस वर्षं नोकरी करून हारतुरे घेऊन निवृत्त झालात. त्या खुलाशाची प्रत पेटीत असणारच; तुम्ही एसटीची जुनी तिकिटंसुद्धा टाकत नाही. तेवढी रविवारच्या आत पाठवा. मी उतरवून घेते. या वेळी तारखा बघून.