अलमारीची किल्ली

गुरुजी, तुम्हाला जाऊन तीस वर्षे होऊन गेली. जे विचारायचे होते ते तुमच्या हयातीत विचारले नाही, आणि आता विचारावेसे वाटण्याचे कारण माझी सात वर्षांची नात आहे. काल शाळेतून आली ती थेट माझ्या पोथीसमोर उभी राहिली. वर्गात कोणाचे तरी घड्याळ हरवले होते. "आबा, बाईनं माहेच खिसे काहून पायले? बाकीच्यायचे तं नाही पायले." घड्याळ नंतर नळापाशी सापडले, हेही तिने सांगितले, पण ते जणू दुसऱ्याच कोणाचे वर्तमान असावे, अशा आवाजात.

मी तिसरीत होतो. पाटलांच्या मुलाचे शाईचे पेन हरवले, तेव्हा तुम्ही दोन रांगा ओलांडून माझ्यासमोर आलात. गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीतून, बेड्यावरून, शाळेत येणारा मी एकटाच. माझा बाप फास लावून तितर धरी. तोवर मी स्वतःला वर्गातल्या इतर मुलांसारखाच समजत होतो. तुम्ही म्हणालात, "खिसा उलटा कर." तितराचे एक पीस आणि गुळाचा खडा खाली पडला. मागून कोणी म्हणाले, गुरुजी, याच्या बापाले इचारा, पेनासाठी फास कुठी लावला थे. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, पण त्याला गप्पही केले नाही. दुसऱ्या दिवशी पेन पाटलांच्याच घरी, गादीखाली निघाले.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पुस्तकांच्या अलमारीची किल्ली माझ्या हातावर ठेवलीत. "आजपासून हे तुह्यापाशी राहू दे." इतकेच. त्या अलमारीत मला देववाणीची पहिली ओळख झाली. आज कामरगावला, शेलूबाजारला मी प्रवचनाला बसतो, लोक पायांवर डोके ठेवतात, त्याचे मूळ ती किल्ली. गुरूविषयी संशय धरू नये, असे मी शेकडो श्रोत्यांना सांगत आलो आहे. तरीही तो एक शनिवार माझ्यासमोरून हलत नाही. शाळा सुटली आहे. तुम्ही उघड्या अलमारीसमोर उभे आहात आणि एकेका पुस्तकाच्या पाठीवर बोट ठेवीत पुढे सरकत आहात. मी दाराआड आहे. तुमचे ओठ हलत आहेत. तुमचे नामस्मरण अखंड चाले, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. मला मात्र आजही वाटते की तुम्ही मोजत होतात.

किल्ली हे प्रायश्चित्त होते की परीक्षा, एवढे कळले असते तर नातीला उत्तर देता आले असते. प्रायश्चित्त असेल तर सांगेन, बाईंवर विश्वास ठेव, माणूस चुकतो आणि वळतो. परीक्षा असेल तर ती संपत नाही, हेही सांगावे लागेल. या पत्राला पत्ता नाही, म्हणून उत्तराची वाट पाहण्याचेही कारण नाही.

आज सकाळी ती आपल्या आईला म्हणाली, "माह्या फ्रॉकचे खिसे शिवून टाक. आबासारखं." तिसरीच्या त्या वर्षापासून माझ्या अंगावरच्या कुठल्याच सदऱ्याला खिसा नाही. श्रोते त्याला अपरिग्रह म्हणतात, आणि मी त्यांना तसे म्हणू दिले आहे. सूनही तसेच समजते. कालच्या झडतीची गोष्ट तिला ठाऊक नाही. तिने कौतुकाने सुईत दोरा ओवला. मी समोरच बसलो होतो, गुरुजी, आणि तिला थांबवले नाही.