डॉक्टरला दिलेला डबा

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील आणि गुडघा फार छळत नसेल, असं धरून चालते. मावशीकडून तुझी खुशाली कळते, पण ती फार हात राखून सांगते. तू तिला दम दिला असणार. इकडे मी ठीक आहे. केस कापून टाकलेत, चष्मा लागलाय, आणि टीव्हीच्या दुकानात येत्या महिन्यात सहा वर्षं होतील. फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पाकीट न फोडताच फेकून देता येतं हे मला माहीत आहे, पण एवढं एक वाच. वाचून तुला बरं वाटेल.

आपला डॉक्टर दुकानात आला होता.

शनिवारी दुपारी. तोच टाय, तीच खिशातली दोन पेनं. दारातून आत आला तेव्हा मी काउंटरखाली वाकले, मग लक्षात आलं की त्यानं मला ओळखलेलंच नाही. चार वर्षं त्याच्या फायली लावल्या मी, त्याच्या चहात साखर किती हे अजून पाठ आहे, आणि मला म्हणतो कसा, "मुली, टीव्हीला लावायचा तो डबा दाखव. सगळे सिनेमे, मालिका दिसतात तो."

मी तीन नग काउंटरवर मांडले. एक अंगठ्याएवढी कांडी, टीव्हीच्या मागे खोचली की दिसतही नाही. एक चपटा काळा डबा, रिमोटवर ढीगभर बटणं. आणि एक छोटा गोल, तिघांत सगळ्यात महाग. मी विचारलं, "टीव्ही किती जुना आहे?" तो म्हणाला, "नाही, घरी आम्ही दोघंच." मी विचारलं, "घरात वायफाय आहे ना?" तर तो काळा डबा उलटापालटा करत बसला. दुसऱ्याचं ऐकून न घेण्याची त्याची जुनी खोड तुला ठाऊकच आहे.

मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "बायकोला ऐकू कमी येतं. आवाज इतका वाढवावा लागतो की शेजारी दार वाजवतात. तिच्या कानातल्या यंत्रात थेट आवाज जाईल असं काही असतं म्हणे आता."

असतं ताई. त्या गोल डब्यातून आवाज श्रवणयंत्रात सरळ जातो. टीव्ही मुका ठेवला तरी कानात स्पष्ट ऐकू येतं. काल-परवाच एका आजोबांना मी तो दिला, तर दुसऱ्या दिवशी येऊन माझा हात धरून रडले.

मी कांडी उचलली. "हीच घ्या. यात सगळं आहे."

"नक्की?"

"नक्की, डॉक्टर."

मला कसं कळलं तो डॉक्टर आहे, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. मी पिशवीत घालून दिली आणि तो गेला. उरलेला दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. त्या घरात आवाज आणखी चढू दे, शेजारी आणखी दारं वाजवू देत, त्याला एक संध्याकाळ सुखाची मिळू नये. म्हाताऱ्या बायकोला मधल्यामधे त्रास होईल, हा विचार आला होता. आला तसा झटकला. तुझ्या वेळी तुझा विचार कोणी केला?

अकरा वर्षं झाली. शिंपीकाका गेले, आणि सगळ्या गावात झालं काय, तर दवाखान्याच्या फोनवरच्या पोरीनं निरोप दिला नाही म्हणून माणूस गेला. तू निरोप दिला होतास. चौकशीच्या खोलीत तू तीनदा तेच सांगितलंस, आणि त्या खोलीतलं कोणीही तुझ्या बाजूनं एक शब्द बोललं नाही.

असो. आज इतकंच. थोडं हसलीस तरी मला पुरे.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी जिंकल्यासारखी उड्या मारत होते. ते विसर. आता लिहिते ते बसून वाच.

शुक्रवारी दुकानात फोन आला. बाईचा आवाज. "तुमची ती कांडी लावली, पण यंत्राला आवाज पोचत नाही. कोणाला तरी पाठवा." कोणाला कशाला, मीच गेले. त्याचं तोंड कसं झालंय ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. बॅगेत मात्र गोल डबा टाकला. का, ते विचारू नकोस. बहुधा त्या आजोबांमुळे.

दार बाईंनी उघडलं. बारीक, ताठ, हाताला कणीक लागलेली. मी त्यांना ऐकू जावं म्हणून घसा ताणून ओरडले, "दुकानातून आलेय! टीव्हीचा डबा बघायला!"

त्या दोन पावलं मागे सरकल्या. "अगं हळू. मला भिंतीपलीकडचंसुद्धा ऐकू येतं."

"पण साहेब म्हणाले की तुमच्या कानातलं यंत्र..."

"माझं?" बाई हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "असं सांगितलं होय. यंत्र त्यांचं आहे. घरात घालतात. दवाखान्यात जाताना काढून ठेवतात, पेशंटना दिसू नये म्हणून. आताही तिकडेच गेलेत, तासाभरात येतील."

मी टीव्हीच्या मागे हात घालून कांडी काढली, डबा लावला. जोडणी करताना यंत्राचा नंबर लागतो. बाईंनी कपाटातून फाईल आणून दिली. नंबर शोधायला मी पानं उलटत होते. सगळ्यात खाली पहिल्या तपासणीचा कागद होता. डाव्या कानानं बोललेलं समजत नाही, यंत्र लगेच वापरावं. खाली तारीख.

चौदा वर्षांपूर्वीची.

ती तारीख मी दोनदा वाचली. ताई, तपासणीच्या खोलीचं दार त्याच्या टेबलाच्या डाव्या हाताला होतं. तू नेहमी त्याच दारात उभी राहून निरोप द्यायचीस. त्या दिवशीही तिथेच होतीस. "लॅबमधून फोन होता, शिंपीकाकांचं पोटॅशियम फार वाढलंय, ताबडतोब दाखल करा म्हणाले." तो लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "हं." तुला वाटलं, झालं काम. संध्याकाळी काका शिलाई मशीनवरच कोसळले.

मला हे सगळं कसं माहीत, हे तुला मी सांगायला नको. पण तुला मी कधी सांगितलंही नाही, आणि तू तोंडावर विचारलंस तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून गेले. तर आता लिहिते. मी फायलींच्या कपाटापाशी स्टुलावर चढले होते. मी तुझं वाक्य ऐकलं. त्याचा "हं"सुद्धा ऐकला. चौकशीच्या सकाळी त्यानं मला आत बोलावून सांगितलं की नोकरी कायम करतो, तू फक्त भलतंसलतं बोलू नकोस. दुपारी त्या दोन अधिकाऱ्यांनी मला विचारलं, आणि मी तुझ्यासमोर म्हटलं, "मला आठवत नाही."

मी बावीस वर्षांची होते, घाबरले होते, हे सगळं खरं आहे आणि त्यातलं काहीही कामाचं नाही. वर्षाच्या आत त्यानं मला काढलं. तेव्हा मला वाटलं की त्याचा सूड घ्यायचा तर माझ्यासाठीही घ्यायचा. आता तसं म्हणायची लाज वाटते.

बाईंनी पाणी आणून दिलं. मी कोण ते त्यांना सांगितलं, तू कोण तेही. बाई खुर्चीत बसल्या, हाताची वाळलेली कणीक नखानं खरवडत राहिल्या.

"चौकशीच्या आदल्या रात्री जेवताना मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, त्या मुलीनं खरंच सांगितलं नव्हतं? तर म्हणाले, सांगितलं असेल, मला ऐकू आलं नसेल. आणि सकाळी उठून लिहून दिलं, सांगितलंच नाही म्हणून."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तू बोललीस?"

बाई उठल्या, फाईलमधला तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "ने. आणि मला कोणी विचारलं तर मी सांगेन. आता त्यांनी माझेच कान गेले म्हणून गावभर सांगायला सुरुवात केलीय. पुढे आणखी काय सांगतील कोण जाणे."

तेवढ्यात तो आला. मला बघून म्हणाला, "झालं का काम?" मी म्हटलं, "यंत्र घाला, तपासून देते." त्यानं दोन्ही यंत्रं कानात घातली, सोफ्यावर बसला. टीव्हीचा आवाज बरोबर पोचला. चेहरा खुलला त्याचा. मालिकेतली बाई काय म्हणते ते हळूच आपल्याशी म्हणून बघत होता. मग मी टीव्ही बंद केला. या यंत्रांत एक सोय असते, फोन तोंडाशी धरून बोललं की तो आवाजही थेट कानात जातो. "आता एकदा डावा कान बघू," मी म्हटलं. तो आज्ञाधारकपणे मान हलवून बसला.

मी फोन तोंडाशी धरला आणि त्याच्या मागे उभी राहून म्हटलं, "लॅबमधून फोन होता. शिंपीकाकांचं पोटॅशियम फार वाढलंय. ताबडतोब दाखल करा म्हणाले."

एक शब्द चुकला नाही माझा.

त्यानं झटकन मागे वळून बघितलं. मला नीट न्याहाळलं, आणि मग ओळखलं. हात कानाकडे गेले, पण यंत्र काढता येईना. "आता आलं ना ऐकू?" मी विचारलं. तो बायकोकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? मला तर ऐकू येत नाही ना."

मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. जिना उतरताना मी कागद दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

त्याची प्रत सोबत जोडलीय. मी काय ऐकलं ते सही करून लिहिलंय, तेही जोडलंय. मूळ प्रती तक्रारीसोबत डॉक्टरांच्या परिषदेकडे उद्या जातील.

धाकटी


२६ एप्रिल, शनिवार

ताई,

तुझं उत्तर नाही. मी त्याबद्दल काही म्हणत नाही.

परिषदेनं त्याला चौकशी संपेपर्यंत दवाखाना बंद ठेवायला सांगितलंय. मी मुद्दाम त्या रस्त्यानं जाते. दाराला कुलूप आहे, आणि वेळेच्या पाटीवर कोणीतरी कागद डकवलाय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा समोर उभी राहून मी एक अख्खा कप चहा प्याले, चवीनं. बाईंनी लेखी जबाब दिला. त्या आता बहिणीकडे राहतात. तो माझ्या मालकांकडेही येऊन गेला, ही पोरगी गिऱ्हाइकाच्या घरात घुसून कागद चोरते म्हणून. मालकांनी बाईंना फोन लावला आणि त्याच्यासमोरच फोनचा आवाज मोठा करून ठेवला. कागद मीच दिला, असं बाईंनी सांगितल्यावर तो निघून गेला. मग मालकांनी मलाही खोलीत बोलावलं. चुकीचा नग मुद्दाम दिल्याबद्दल दोन महिने मी काउंटरवर नाही, मागे गोदामात आहे. ते योग्यच केलं त्यांनी.

शिंपीकाकांच्या मुलीकडे गेले होते. दुकान आता तीच चालवते. मी सगळं सांगत होते आणि ती मशीन चालवतच राहिली, एका पडद्याची अख्खी कड शिवून होईपर्यंत. मग दोरा तोडला.

"म्हणजे तुम्हीही तिथेच होतात?"

"होते."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तिनं पडदा घडी करून बाजूला ठेवला. मला वाटलं, आता हाताला लागेल ते फेकून मारेल. मारायला हवं होतं. ती म्हणाली, "तुमच्या ताईंना मी अकरा वर्षं शिव्याशाप दिलेत. रोज. त्यांना एवढं सांगा. तुमच्याशी मला बोलायचं नाही. जा."

तिचा निरोप मी पोचवलाय. या वेळी जसाच्या तसा.

परिषदेपुढे सुनावणी नऊ मे रोजी, सकाळी अकरा वाजता. तुलाही बोलावणं येईल, एव्हाना आलंही असेल. तिथे त्याच्या वकिलाचा पहिला प्रश्न मला असणार आहे, की तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय. मी उत्तर पाठ केलेलं नाही. तेव्हा, असं सांगीन, आणि का तेही सांगीन, त्याच्या तोंडावर. त्याचं जे व्हायचं ते मला बघायचंय. शेवटपर्यंत, खुर्चीवरून न हलता.

माझं काय करायचं ते तू ठरव. तू मला त्या खोलीत सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोल, मी स्वयंपाकघरात जाणार नाही. नाही बोललीस तरी चालेल. फक्त ये, आणि मागच्या रांगेत बसू नकोस. मला तुझ्याकडे बघून बोलायचंय.

उशिरानं आलेली तुझी साक्षीदार,
धाकटी