वरबापाचा मान, भर समुद्रात

शेंदूरजनाघाट,
पोळ्याच्या चार दिवस आधी

तीर्थरूप जमुनाबाईच्या पायावर धाकट्या खुशालचं डोकं (पत्रातच ठेवतो, कारण खाली वाकलो की मले अजून जमीन हालल्यासारखी वाटते).

बाई, तुह्या गुडघ्याचं कसं आहे, भाऊजींची शुगर किती निघाली, तेल्हाऱ्याकडे कपाशीवर बोंडअळी आली काय, हे सारं मी मनापासून विचारून राहिलो, उत्तर सवडीनं दे. इकडचं क्षेम विचारशील त मी जिवंत आहो, एवढंच खात्रीनं सांगता येते. फोन काहून नाई केला म्हणशील. फोनवर तू मले दुसरं वाक्य बोलू देत नाई, अन् मले या खेपेला बरीच वाक्यं बोलायची आहेत. पहिला अर्धा भाग तुले माहीत आहे, तरी लिहितो, कारण आता मागं वळून पाहिलं त तो मले जरा वेगळा दिसून राहिला.

माह्या विपुलनं अकोल्याच्या कृषी कॉलेजात स्वतःच ठरवलेलं लग्न आपण मोठ्या मनानं करून दिलं (मन मोठं करायले आपल्याले आठ महिने लागले, ते सोड). पोरगी दीक्षा, कोकणातली, समुद्रकाठची. तिचा बाप हिराजी मासेमारी करते, स्वतःची लहान होडी आहे. लग्न त्यायच्याच गावी झालं. आपण पडलो वरपक्ष. व्याहीभेटीत हिराजीनं मले एक नारळ देला अन् मिठी मारली, ना शेला ना टोपी. तुले आत्याबाई म्हणून लुगडं भेटलं, ते तू तिथंच चार लोकात हातावर तोलून पाहिलं. मी मांडवात रुसलो, तू खोलीत रुसली. आपल्या इकडे वरबाप रुसला की चार शहाणे समजूत घालाले येतात. तिथं कोणी आलंच नाई. त्यायले वाटलं प्रवासानं थकलो असंन, म्हणून माह्यावर पंखा लावून देला.

तो रुसवा आपण वर्षभर जपला. आषाढात तू चार दिवस आली होती, तवा जेवताना "मासोळ्या मारणाऱ्या लोकाइले मानपान काय समजते" हे वाक्य निघालं (कोणाच्या तोंडून निघालं ते आता उकरत बसू नये). दीक्षा चार पावलावर पोळ्या करून राहिली होती. तिनं उरलेल्या पोळ्या केल्या, आपल्याले वाढल्या, वरून तूपही देलं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन माहेरी गेली. पाचव्या दिवशी विपुल तिच्या मागं गेला. मले वाटलं आठ दिवसात येतीन. महिना झाला. बाई, चारशे संत्र्याच्या झाडात मी एकटा फिरून राहिलो होतो, अन् पोट्टा तिकडेच घरजावई राहिला त माह्या मागं या झाडाइले पाणी कोण देईन, याच्याबिगर दुसरा विचार डोक्यात येत नव्हता. त्यात महालक्ष्म्या तोंडावर, अन् घरात सून नाई.

शेवटी हिराजीले फोन लावला. मी म्हटलं, लग्नात आमचा मान राहिला, तिथून हे सारं सुरू झालं. माहा हिशोब असा की तो आता वाद घालीन, मंग मी जरा चढीन, मंग तो उतरन. तो वाद घालाले तयारच नाई. म्हणे, व्याहीबुवा, चुकलं आमचं, नारळी पौर्णिमा झाली की या, होडी पाण्यात उतरते तवा घरच्या मोठ्या माणसाले बसवतो, यंदा तो मान तुमचा. आता सांग, ज्यानं वर्षभर मान मान केलं त्यानं मान समोरून चालत आल्यावर नाई कसं म्हणावं. मी हो म्हटलं, फोन ठेवला, अन् मंग ध्यानात आलं की आपण काय कबूल करून बसलो. मी आजवर पाणी पाहिलं ते विहिरीत अन् धरणात. विहिरीले कठडा असते. धरणाचा पलीकडचा काठ दिसते.

तिथं पोचलो त पलीकडचा काठ नव्हताच. मी लय वेळ शोधला.

मले वाटलं होतं, मानाची होडी म्हणजे हार घालतीन, दोन पावलं पाण्यात नेतीन, फोटो काढतीन अन् आणून सोडतीन. दीक्षानं मोबाइलवर वारा पाहिला अन् सांगतलं, आज नाही जायचं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाली. माहेरी असली की होडी तीच चालवते, बापाचे डोळे कमी झाले म्हणून, हे मले तवा समजलं (आपण तिले वर्षभर भाकर गोल येत नाई म्हणून बोललो). बाई, जन्मात पहिल्यांदा मी देवाजवळ वारा मागतला. संत्र्याची फळं गळतात म्हणून वाऱ्याले शिव्या देणारा माणूस मी, त्यायच्या ओट्यावर बसून, वाहू दे रे बाबा, आणखी दोन दिवस वाहू दे, असं म्हणून राहिलो होतो. तिसऱ्या दिवशी वारा पडला.

सकाळी मी मानाले शोभन असा तयार झालो. परीटघडीचं धोतर, पांढरा सदरा, टोपी. दीक्षानं वरून ते फुगीर नारिंगी जॅकेट घालून देलं, तीन पट्टे स्वतः आवळले, खेचून पाहिले, पुन्हा आवळले. मी म्हटलं, सदऱ्याची घडी मोडते. ती म्हणाली, मोडू द्या. विहीणबाईनं कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहून ठेवलं, चार माणसं, निघाले सहा, परत अकरा, अन् कोणत्या बाजूले जाणार ते. मी सहज विचारलं, अकराले नाई आलो त. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, साडेअकराला शेजारच्या दोन होड्या पाठवते, त्यांना नाही दिसलात तर पोलिसांना फोन करते. आपल्याकडे असं कोणी विचारलं त 'अशुभ बोलू नका' म्हणतात. इथं त्याचं वेळापत्रक तयार होतं. माह्या पोटात तवा तीन वेळा आग्रह करून वाढलेल्या तांदळाच्या भाकरी होत्या.

होडीत हिराजी, दीक्षा, विपुल अन् मी. दीक्षानं निघतानाच बजावलं, काही झालं तरी उभं राहायचं नाही, काही लागलं तर मागा, हातात देऊ. मी मान हालवली. खरं सांगतो, मी ऐकलंच नाई, मी काठ लहान होताना पाहून राहिलो होतो. आधी माणसं गेली, मंग घरं गेली, मंग नारळाची झाडं एक हिरवी रेघ झाली. होडी वर जाये तवा ती रेघ दिसे, खाली जाये तवा फक्त पाणी. मी हिराजीले विचारलं, किती खोल असंन. तो म्हणे, आपल्याला काय करायचंय, आपण वरच राहायचं. तो हे धीर द्यायले बोलला असंन, पण मी दोन्ही हातानं फळी धरली ते बोटं पांढरी झाली. मी हनुमान चालिसा म्हणाले लागलो अन् चौथ्या ओळीपाशी अडकून पुन्हा पहिल्यापासून, असं कितीक वेळा झालं. विपुल मात्र तिथं जन्मल्यासारखा कडेले वाकून जाळं सारखं करून राहिला होता. मले त्याचाही राग आला.

जाळं टाकायच्या जागी इंजिन बंद केलं. हिराजीनं टोपलीतून नारळ काढला, त्याले कुंकू लावलं, अन् दोन्ही हातानं माह्याकडे धरला. म्हणे, व्याहीबुवा, समुद्राला तुमच्या हातानं.

बाई, आता तूच सांग. व्याही दोन्ही हातानं नारळ देऊन राहिला, अन् वरबाप बसून घेईन काय. आपल्या घराण्यात मान बसून घेतला काय कोणी. मले काही समजायच्या आत माहे पाय उठले. मी उभा झालो, टोपी सारखी केली, अन् नारळ घ्यायले एक पाऊल पुढं टाकलं.

होडी अशी एका अंगावर झाली की मले आभाळ बाजूले दिसलं. दीक्षानं मागून जॅकेटले धरून मले खाली आपटलं, मी जाळ्याच्या ढिगात पडलो, नारळ छातीशी. अन् विपुल बसला होता ती जागा रिकामी.

तो पाण्यात होता. पाच-सहा हात दूर, जॅकेटामुळं डोकं वर, पण एक लाट आली की दिसे नाई. त्याले पोहता येते, आपल्याच विहिरीत शिकला, पण तिथं कठडा होता, दोर होता, वर मी होतो. माहा एकुलता एक पोट्टा समुद्रात, अन् मी दोन हातानं नारळ धरून बसलो होतो. एवढं भेव मले कधी वाटलं नाई, त्याची आई गेली तवाही नाई, कारण तवा तो माह्याजवळ उभा होता.

दीक्षानं बापाले दुसऱ्या बाजूले बसवलं, दोर फेकला, पहिला चुकला, ओढून दुसऱ्यांदा फेकला. विपुलनं धरला. तिनं त्याले होडीच्या मागच्या अंगानं ओढून वर घेतलं, पाठीवर थापा मारल्या, खारं पाणी ओकवलं. हे सारं तीन मिनिटात झालं असंन. मंग ती खाली बसली अन् ओला दोर गुंडाळून ठेवला. मले वाटलं आता माहा उद्धार होईन, अन् तो मले पायजेच होता. ती फक्त म्हणाली, "मामाजी, होडीत मान बसून घ्यायचा असतो."

मंग मी बसून नारळ समुद्राले देला. मासोळ्या धरल्या की नाई ते मले माहीत नाई, मी काठ येईस्तोवर कडेले डोकं टेकवून होतो अन् तांदळाच्या भाकरी परत करून राहिलो होतो. दीक्षा एका हातानं इंजिन धरून होती अन् दुसऱ्या हातानं माह्या जॅकेटाचा पट्टा. पावणेअकराले काठ लागला. वाळूवर मी बसूनच राहिलो, अन् बसल्या बसल्याच तिले म्हटलं, पोरी, घरी चाल, झालं गेलं सोड. तिनं मले चहा देला अन् म्हणाली, आत्याबाईंना घेऊन या, मग येते.

तवा बाई, तू येच. महालक्ष्म्याच्या आत सून घरात पायजे. पोळा झाला की मी अकोल्याले येतो, तू तेल्हाऱ्याहून स्टेशनावर ये. भाऊजींना नमस्कार, लेकराइले आशीर्वाद.

तुहा,
खुशाल

ता. क. तुहा राहिलेला मानही हिराजी देणार म्हणते. तुले होडीत बसावं लागन. भेऊ नको, जॅकेट तुले होते, मी विहीणबाईच्या अंगावर पाहून आलो.

ता. क. दुसरं. दीक्षानं तुहंच नाव काहून घेतलं, हे तू विचारशीलच. वाळूवर मी तिले म्हटलं की ते मासोळ्यावालं वाक्य आत्याबाईच्या तोंडून रागात निघून गेलं, मनावर घेऊ नको. आता मी म्हटलंच आहे त तू तिथं येऊन 'हो, मीच बोलली' एवढं म्हणून टाक. तू मोठी आहे, तुले शोभते.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. ते राहू दे. पोरगी चार पावलावर होती बाई, तिले आवाज माहीत आहे. मी तुह्यावर ढकललं तवा तिनं माह्याकडे नीट पाहिलं, कपात आणखी चहा ओतला, अन् मंग म्हणाली, त्यांना घेऊन या. तुह्यासमोर मी पुन्हा तुहंच नाव घेतो काय, ते तिले पाहायचं आहे. मी घेणार नाई. मासोळ्यावालं वाक्य माहं होतं, अन् मी ते तिले सांगणार आहो. पण एकट्यानं तिच्यासमोर जायचं मले त्या समुद्रापेक्षा जास्त भेव वाटून राहिलं, म्हणून तू ये, काही बोलू नको, फक्त माह्या बाजूले बस.