सवलतीसाठी घराची पाहणी

आदरणीय दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (वाकलं की कंबर धरते, म्हणून सध्या कागदावरच घालतो आहे.) तुमचा गुडघा आणि वहिनींचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा करतो. आम्ही मजेत, म्हणजे घरपट्टीचं बिल येईपर्यंत होतो.

कमी उत्पन्नाच्या घरमालकांना घरपट्टीत सवलत मिळते असं कळल्यावर मी अर्ज ठोकून दिला. घर स्वतःचं असलं तरी पुस्तकं बांधून पोट भरतं, कर भरला जात नाही. सवलत न मिळाल्यास पुढची खोली भाड्याने द्यावी लागेल, आणि मग माझा धंदा न्हाणीघरात. (तिथे खळ जन्मात वाळायची नाही.)

घरपट्टीच्या कचेरीतले साहेब घराची पाहणी करायला येणार असा निरोप आला आणि मी खूश झालो, कारण आमचं घर कुणालाही दया यावी असंच आहे. चूक एकच झाली, ही बातमी मी तुमच्या बहिणीला सांगितली. तिच्या कानात 'सवलत' शिरलंच नाही, 'साहेब घरी येणार' एवढंच शिरलं. मी पुठ्ठा आणायला जाऊन परत येतो तो वाटलं, चुकून शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे शिरलो की काय. त्यांचा सोफा आमच्याकडे आला होता. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचे पडदे होते. भिंतीच्या ओलीवर धबधब्याचं चित्र टांगलं होतं (त्यातूनही पाणी झिरपत असल्याने ते फार जिवंत वाटत होतं). साहेब ऐसपैस बसून कॉफी प्यायले. मी बोलायला तोंड उघडलं की तुमची बहीण माझ्यापुढे बिस्किटांची बशी धरायची. शेवटी सांगितलंच की सोफा आमचा नाही. त्यावर ती हसत म्हणाली, "यांचं मनावर घेऊ नका. घरात चांगली वस्तू आली की यांना ओशाळल्यासारखं होतं." साहेबांनी जाताना माझं अभिनंदन केलं आणि अर्ज फेटाळला.

मी तोंडाला येईल ते बोललो. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "हात पसरायचा तर पसरा. पण माझ्या घरात बसून कुणी माझी कीव केलेली मला सोसायची नाही." दादा, मला तिचा अभिमान वाटला आणि संतापही आला, आणि दोन्ही एकदम आल्याने मी जेवलोच नाही.

पुष्कळ विनवण्या केल्यावर सोमवारी फेरपाहणी ठरली आहे.

आपला,
सोफा नसलेला मेहुणा

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. रविवारी तुम्ही कृपया अत्यवस्थ व्हावं आणि बहिणीला बोलावून घ्यावं. साध्या सर्दीवर ती हलायची नाही. मंगळवारी बरे झालात तरी चालेल.

आणखी ता. क. दादा, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं. तू आजारी पडू नकोस. काल मी कचेरीत जाऊन साहेबांना सगळं खरं सांगून आले. मान खाली घालावी लागली, पण तिथे घातली, घरात नाही. सवलत मंजूर झाली आहे. सोमवारी ते फक्त यांची सही घ्यायला येतील. यांना अजून सांगितलं नाही, एवढं मोठं पत्र लिहिलंय, वाया जायला नको. खरं काय ते आता सांगून झालंय, तेव्हा घर नीटनेटकं दिसायला हरकत नाही. तुझा तो मोठा गालिचा घेऊन ये.